माऊली नावाचा वाटाड्या

दिगंबर रत्नपारखी परदेशी पायी फिरायला निघाले, ही बातमी सदाशिव पेठेतल्या त्यांच्या इमारतीत सकाळच्या चहाआधी पोचली आणि चहा संपेपर्यंत तिच्यावर कोणाचाच विश्वास उरला नाही. निवृत्त गणिताचे मास्तर. भाजी आणायला पाठवलं तर कोपऱ्यावरची मंडई सोडून पुढच्या चौकात पाय न टाकणारा माणूस. 'डोंगर लांबून चांगले दिसतात, म्हणून तर देवानं ते लांब ठेवलेत,' हे त्यांचं आयुष्यभराचं मत, आणि ते त्यांनी न विचारता सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

शेजारचे तात्याराव जिन्यात गाठून म्हणाले, "मास्तर, ऑस्ट्रियात रिक्षा मीटरनं येतात का, तेवढं विचारून ठेवा."

"तुम्ही तिथं नसाल एवढं कळलं," मास्तर म्हणाले. "बाकी विचारायची गरज वाटली नाही."

शर्मिला मात्र सगळ्यांना हसून एकच सांगत होती. वय झालं, अजून पाय चालतायत तोवर जग बघून घेऊ. बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसा, असल्या सहली तिला नको होत्या. ही सहल निराळी होती. सामान गाडीनं पुढच्या गावी जायचं, आणि माणसांनी डोंगरातून चालत त्याच्या मागून. बरोबर वाट दाखवणारा गाईड. लोकांना हे कारण पटलं. पटण्यासारखंच होतं. खरं कारण तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर मुळीच नाही.

खरं कारण तिच्या मोबाइलमध्ये होतं, एका माणसाच्या आवाजात.

कीर्तनाला तिच्या शेजारी बसणाऱ्या गोदाबाईंनी तो निरोप पुढे पाठवला होता. 'पाऊलवाट' नावाच्या पुण्यातल्याच कंपनीबरोबर जाऊन आलेल्या कुणा गृहस्थाचा. शर्मिला मेथी निवडत होती आणि दुसऱ्या हातानं सहज तो लावला होता. "रामकृष्णहरी मंडळी," आवाज म्हणाला. "ऑस्ट्रियाचे डोंगर म्हणजे काय सांगू. सकाळचं धुकं, पुढे माऊली, मागे आम्ही. माऊली काठी टेकत जायचे आणि मध्येच थांबून मागं बघायचे, सगळे आले का म्हणून. एका उतारावर माझा पाय गेला, तर माऊलींनीच धरलं. परक्या मुलखात इतकी माया कोणी लावत नाही हो. जाल तर माऊलींच्या मागं जा."

मेथीची जुडी तिच्या मांडीवरून खाली गेली. तिनं निरोप पुन्हा लावला. मग पुन्हा.

माऊली तिच्या मुलाचं नाव होतं.

असलं नाव सदाशिव पेठेत दुसऱ्या कुणाचं नव्हतं. शर्मिलाचं माहेर सासवडकडचं, घर माळकऱ्यांचं, आणि कीर्तनाचा नाद तिला दुधातून मिळालेला. दिवस राहिले होते तेव्हा ती माहेरी कीर्तनाला बसली होती. संपल्यावर बुवांनी तिच्या कपाळाला बुक्का लावला आणि अवघडलेली बाई बघून म्हणाले, "माऊली, सांभाळून उठा." ते अर्थात तिलाच म्हणाले होते. माळकरी माणूस समोरच्या प्रत्येकाला माऊलीच म्हणतो, त्याला लहान नाही, थोर नाही. पण शर्मिलानं ते पोटातल्यासाठी घेतलं. मास्तरांनी पुष्कळ विरोध केला. "हजेरीला हे नाव आलं तर मास्तरांनी हजेरी लावायची की हात जोडायचे?" असं त्यांनी बारशाच्या आधीच विचारून ठेवलं. ती ऐकली नाही. मुलगा झाला, माऊली झाला, शाळेत चेष्टा सोसून मोठा झाला, इंजिनियर झाला, खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला.

आणि शनिवार-रविवार गड चढायला लागला. मास्तरांना ते चालत होतं, कारण सोमवारी तो परत येत होता. एका रविवारी घरी पाहुणे बसलेले असताना त्यानं सांगितलं की त्यानं नोकरीचा राजीनामा दिलाय आणि यापुढे तो डोंगरातच काम करणार आहे, लोकांना वाट दाखवायचं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "डोंगर शेळ्याही रोज चढतात," ते म्हणाले. "पण त्यांनी कधी राजीनामा दिल्याचं ऐकलं नाही."

पाहुणे हसले. शर्मिलाही हसली, अशी हसली की ते हसू आजपर्यंत तिच्या घशात अडकलंय. सगळ्यांच्या बरोबर माऊलीही हसला होता.

तो महिन्याभरात घर सोडून गेला. सुरुवातीला आईला फोन यायचे. एकदा फोन मास्तरांनी उचलला आणि "कोण, कळप हाकणारे का?" असं विचारलं. मास्तरांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना दुसरी भाषाच येत नव्हती. पण त्यानंतर फोन आला नाही, आणि मग तो नंबरच बंद झाला. पुढे त्याचा मित्र सुदर्शन रस्त्यात भेटला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "मावशी, तो युरोपात असतो म्हणे. कुठल्यातरी डोंगरात लोकांना फिरवतो. माझ्याकडेही पत्ता नाही." त्या भेटीलाही आता सहा वर्षं होत आली होती. घरात ते नाव निघत नसे. मास्तर काढत नसत म्हणून ती काढत नसे, आणि ती काढत नसे म्हणून मास्तर.

आता सांगा, युरोपातल्या डोंगरात लोकांना वाट दाखवणारे माऊली नावाचे किती जण असतील?

*

'पाऊलवाट'च्या कचेरीत निकिता नावाची मुलगी होती. तिनं दोघांकडे पाहिलं, दोघांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि रंगीत पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं.

"काका, काकू, तुमच्यासाठी ही बेस्ट आहे. इटली. लेकच्या बाजूनं फ्लॅट वॉक, चढ जवळजवळ नाहीच. डिनरला व्हेज. सीनियर लोक हीच घेतात."

"तळ्याभोवती फिरायचं तर सारसबाग काय वाईट आहे?" मास्तर म्हणाले. "व्हिसा लागत नाही."

"ऑस्ट्रियाची दाखव ना," शर्मिला म्हणाली.

"काकू, ती हार्ड आहे. म्हणजे आम्ही मॉडरेट लिहितो, पण हार्डच आहे. रोज पाच-सहा तास, आणि उतार खूप. उतारच जास्त त्रास देतो."

"तीच दाखव."

पुस्तिकेत हिरवी कुरणं होती, त्यांच्या मागं दगडी सुळके, आणि एका फोटोत पाठमोऱ्या माणसांची रांग. सगळ्यांत पुढे एक उंच आकृती, पाठीवर पिशवी, हातात काठी. तोंड दिसत नव्हतं. शर्मिलानं त्या पानावर बोट ठेवलं आणि काढलंच नाही. मास्तर बाजूनं वाकून बघत होते. ते काहीतरी बोलतील म्हणून तिनं वाट पाहिली. ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी देवळात जाते सांगून ती एकटीच पुन्हा कचेरीत गेली. "बाळ," ती निकिताला म्हणाली, "त्या ऑस्ट्रियाच्या सहलीला गाईड कोण असतात? नाव सांगता येईल?"

"गाईड तिकडची कंपनी देते काकू. आमच्याकडे नावं नसतात."

"मागच्या वेळी माऊली म्हणून होते ना?"

निकिता हसली. "हां, ते. सगळे त्यांचंच नाव काढतात. तो व्हॉइस मेसेज ऐकलात ना तुम्ही पण? पुढच्या बॅचलाही तेच असणार, आम्ही मुद्दाम सांगून ठेवलंय."

शर्मिला पायऱ्या उतरून खाली आली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. समोरून स्कूटरी जात होत्या, एक बाई क्लासला उशीर झालेल्या मुलीला ओढत नेत होती. नाव काढलं, हो म्हणाली, पुढच्या खेपेलाही आहे म्हणाली. त्या मुलीकडून पत्ता मागावा असं मनात आलं, पण लगेच भीतीही वाटली. त्याला आधी कळलं, आईबाप येतायत म्हणून, आणि त्यानं ती सहलच दुसऱ्या कुणाला दिली तर? न कळवता जायचं. तो वाट दाखवायला पुढे उभा राहील, मागं वळून बघेल, सगळे आले का म्हणून, आणि बघेल तो काय. एवढं तिनं ठरवलं. त्यापुढचं तिला ठरवता येत नव्हतं. देवाला तिनं एवढंच सांगितलं की बाबा, गुडघा तेवढा दे, बाकीचं काय न्यायचं ते ने.

देवानं गुडघा दिला नाही.

*

अवघड सहलीला नाव घालायच्या आधी कंपनीची एक सरावाची चाल असायची, तळजाईच्या टेकडीवर. समाधान नावाचा तरुण ती घ्यायचा. मूळ नागपूरचा, हिमालयात वगैरे जाऊन आलेला, बोलायला मऊ. कोण चालू शकेल आणि कोण नाही हे तो ठरवणार होता.

चढाला शर्मिला सगळ्यांच्या पुढे होती. मनात भजन घोळवत होती, त्या ठेक्यावर पाय टाकत होती. वर पोचल्यावर समाधानलाही कौतुक वाटलं. "काकू, एकदम फिट आहात तुम्ही," तो म्हणाला. मग उतार लागला. पहिल्याच वळणावर उजव्या गुडघ्यात कोणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं आणि ती बसली.

"काही नाही, दगड आला," ती म्हणाली आणि उठली. दोन पावलांवर पुन्हा बसली. या वेळी बसली नाही, पडली. तळहात सोलवटले. सगळी रांग थांबली.

समाधान तिच्याजवळ उकिडवा बसला. पाण्याची बाटली उघडून दिली. "काकू, खोटं नाही सांगत तुम्हाला. तिथं असे उतार दिवसभर असतात. मी तुम्हाला पाठवलं आणि मध्येच अडकलात तर सगळ्यांना थांबावं लागेल. इटलीवाली घ्या ना. छान आहे ती पण."

"मला हीच पाहिजे."

"पण का हीच?"

तिला सांगता येईना. म्हातारी बाई, बूट घातलेली, टेकडीच्या मातीत बसून एका परक्या पोरापुढं हात जोडतेय, हे कसं दिसतंय ते तिला कळत होतं, तरी तिनं हात जोडले. "बाबा रे, मी हळू चालेन. सगळ्यांच्या मागं राहीन. काठ्या घेईन दोन. तू फक्त नाही म्हणू नकोस."

"अहो काकू, हात कशाला," तो गांगरला.

मास्तर मागून धापा टाकत आले. त्यांनी रुमालानं मान पुसली. आता हे काहीतरी टाकून बोलतील आणि सगळं संपेल, असं तिला वाटलं.

"हीच घ्यायची आहे," मास्तर म्हणाले. "सोप्या गणिताला मी कधी कुणाला मार्क दिले नाहीत. आता स्वतःला कुठं देऊ."

तिनं वर बघितलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. लांब, सिंहगडाच्या बाजूला बघत होते, जिथं त्या दिवशी धुरकटपणामुळं काही दिसत नव्हतं.

समाधाननं थोडा विचार केला. "असं करा. कसब्यात बाबुराव म्हणून आहेत. मागच्या वेळी गेले होते, त्यांचाही गुडघा खराब आहे. त्यांना भेटा. कसं जमवलं ते सांगतील. ते म्हणाले जमेल, तर मी नाव घालतो. फक्त उद्याच्या उद्या कळवा, व्हिसाची तारीख जवळ आलीय."

"त्यांचाच का तो निरोप?" शर्मिलानं विचारलं. "मोबाइलवरचा?"

"त्यांचाच. फार गोड माणूस."

उठताना मास्तरांनी तिचा दंड धरला. टेकडी उतरून होईपर्यंत तो सोडला नाही.

*

कसबा पेठेत तांबट आळीच्या बोळात स्कूटर शिरत नव्हती, म्हणून ती बाहेर लावून दोघं चालत आत गेली. दोन्ही बाजूंनी तांब्याची भांडी घडवल्याचा ठोका चालला होता, एक थांबला की दुसरा. शर्मिला भिंतींना हात टेकत जात होती. छातीतला ठोका कुठला आणि आळीतला कुठला, हे तिला वेगळं करता येईना. या माणसानं त्याला पाहिलंय. या माणसाचा हात त्यानं धरलाय. पायावर डोकं ठेवलं तर हा घाबरेल का, एवढंच ती ठरवत होती.

बाबुरावांचं घर दुकानाच्या वर. दार उघडंच होतं. गळ्यात तुळशीची माळ, अंगात बंडी, हाताला तांब्याचा लालसर रंग चिकटलेला, असा सत्तरीकडे झुकलेला माणूस उठून पुढे आला.

"या माऊली, या," तो शर्मिलाला म्हणाला.

यानं ओळखलं, असं एक क्षण तिला वाटलं. चेहऱ्यात चेहरा दिसला असेल.

"बसा माऊली," बाबुराव मास्तरांना म्हणाले, "आणि तुमच्या मागचं ते पंख्याचं बटण तेवढं दाबा." मग आतल्या दाराकडे वळून, "अहो माऊली, चहा टाका, पाहुणे आलेत." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "हां माऊली, उद्या या की. घंगाळ तयार आहे तुमचं."

शर्मिला खुर्चीत बसली होती. ती कुठल्या घरात जन्मली होती? असल्याच घरात. असल्याच माळा, असलीच बोली. भांडणारी माणसंसुद्धा तिथं 'माऊली, तुम्ही चुकताय' म्हणून भांडायची. तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? पण मुलगा गेल्यापासून ती माहेरच्या बाजूच्या कीर्तनाला गेलीच नव्हती. तिथं शंभर तोंडांनी त्याचं नाव घेतात आणि त्यातलं एकही त्याला मारलेली हाक नसते, हे तिला सोसत नव्हतं. पेठेतल्या कीर्तनांना जायची, तिथं बुवा 'श्रोते हो' म्हणतात. तिच्या कानांनी त्या शब्दाचा साऱ्या जगाचा अर्थ टाकून दिला होता आणि एकाच माणसापुरता ठेवला होता. आईच्या कानांनी दुसरं काय करायचं?

तिनं मास्तरांकडे पाहिलं. आपण उठावं, निमित्त सांगावं, यांना बाहेर न्यावं. यांना काही माहीत नाही, तेवढं तरी बरं.

मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले होते, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. "तुमचा तो निरोप ऐकला," ते म्हणाले. "त्यात तुम्ही गाईडचं नाव घेतलंय. माऊली."

सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांच्या तोंडून ते ऐकलं.

"अहो," ती म्हणाली.

"थांब जरा." त्यांनी हात वर केला. "बाबुराव, ते दिसायला कसे आहेत? उंच? डाव्या भुवईवर खोक आहे का? लहानपणी जिन्यात पडल्याची. टाके घातलेले आहेत, नीट बघितलं तर दिसतात."

शर्मिलानं डोळे मिटले. म्हणजे ती स्वयंपाकघरात निरोप लावून ऐकत होती तेव्हा बाहेरच्या खोलीत मास्तरांच्या वर्तमानपत्राची पानं वाजत नव्हती, ती याचसाठी.

बाबुराव मोकळं हसले. "भुवया कुठल्या हो, कापूस नुसता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे असतील. नाव त्यांचं यो... योहान की काय, माझी जीभ वळेना. मी आपला माऊली म्हणायचो. दुसऱ्या दिवसापासून सगळी मंडळी म्हणायला लागली. त्यांनाही आवडलं. ओ द्यायचे, बरं का. डोंगरातच जन्म गेला त्यांचा. देवमाणूस."

आतून कपबशांचा आवाज आला. मास्तरांनी मान हलवली, उत्तर बरोबर आलं की हलवत तशी.

"अच्छा," ते म्हणाले. "आणि बूट? बूट कसले नेले होतेत तुम्ही?"

"बूट? मुलगी जर्मनीत असते, तिनं घेऊन दिले."

"घोट्याच्या वरपर्यंत येणारे?"

"हो, वरपर्यंत."

"आणि मोजे? लोकरीचे लागतात की सुती चालतात?"

बाबुराव सांगत गेले आणि मास्तर विचारत गेले. काठीची मूठ, पावसाचा कोट, वाटेत पाणी मिळतं का. चहा आला. मास्तरांनी कप तोंडाला लावलाच नाही, त्यावर साय धरली. ते विचारतच राहिले. गाडी सामान कुठल्या वेळी नेते. खोलीला जिना असतो का. शर्मिलाला कळत होतं की प्रश्न संपले की त्यांना उठावं लागेल, आणि उठता येत नाही म्हणून ते प्रश्न शोधतायत.

"अहो, पुरे," ती हळूच म्हणाली. "चला."

मास्तर थांबले. मग बाबुरावांना म्हणाले, "आमच्या मुलाचं नाव माऊली आहे. तोही तिकडंच कुठंतरी हेच काम करतो. आम्हाला वाटलं..." वाक्य तिथंच राहिलं.

बाबुरावांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं. ते उठून शर्मिलासमोर खाली बसले आणि त्यांनी तिचे पाय धरले. "मी सगळ्यांनाच म्हणतो हो," ते म्हणाले. "लहानपणापासून म्हणतो. मला काय ठाऊक, कुणाचं हे खरंच नाव असेल."

"तुमचं काही चुकलं नाही," शर्मिला म्हणाली. "उठा बाबा, उठा." उठा माऊली, असं तोंडात आलं होतं. ते बाहेर पडेना.

"तुमच्याकडं त्या योहानांचा फोन नंबर आहे?" मास्तरांनी विचारलं.

"नाही घेतला. भाषा येत नाही, घेऊन काय बोलणार?"

"पण ते पुढच्या खेपेलाही आहेत."

"असं म्हणतात खरं."

"आणि त्या डोंगरात त्यांचा जन्म गेलाय."

"गेलाय."

निघताना बाबुराव आळीच्या तोंडापर्यंत सोडायला आले आणि सगळा वेळ त्यांनी दोघांना कुठल्याच नावानं हाक मारली नाही. "पायरी आहे," एवढंच म्हणाले. "इथं वाकून या."

*

स्कूटरपाशी पोचायच्या आत शर्मिलाचा फोन वाजला. निकिता होती. "काकू, समाधानदादा विचारतोय, काय ठरलं? दोन सीट्स ब्लॉक करू ना?"

शर्मिलाला नाही म्हणायचं होतं. तिचा गुडघा, तिचा उतार, तिची सहल, सगळंच आता संपलं होतं. युरोपात डोंगर काय थोडे आहेत. ज्याला हुडकायचं तो कुठल्या देशात आहे हेही ठाऊक नाही, आणि ज्याच्या भरवशावर निघालो तो पांढऱ्या भुवयांचा परका म्हातारा. तिनं फोन मास्तरांपुढं धरला.

"एक सीट," मास्तर म्हणाले. "माझ्या नावानं. नाही, ऑस्ट्रियाचीच. काकू येणार नाहीत." त्यांनी फोन बंद करून तिच्या हातात दिला.

ती बघतच राहिली. "तुम्ही एकटे?"

"तुला उतरता येत नाही."

"आणि तुम्हाला चढता येतं? तळजाईला धाप लागली होती तुम्हाला."

"लागू दे. तो म्हातारा वाट दाखवणाऱ्या लोकांना ओळखत असेल. सगळ्यांना नाही, निदान शंभरातल्या दहांना. त्याला फोटो दाखवीन. तो नाही म्हणाला तर पुढच्या गावात दुसऱ्याला. मराठी पोराला तिकडं लपून राहणं इतकं सोपं नाही." त्यांनी स्कूटरची किल्ली खिशात शोधली, सापडली नाही, दुसऱ्या खिशात शोधली. "मी घालवलाय त्याला. तू कशाला गुडघे फोडायचे?"

असं ते कधी म्हणतील हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि आता म्हणाले तर त्यानं काही हलकं झालं नाही. उलट ती घाबरली. कारण तिला ते दिसलं. कुठल्या तरी परक्या कुरणात तो उभा, समोर हे, धापा टाकत, चष्मा पुसत. इतक्या वर्षांनी पोरगा समोर दिसला की माणसाची जी घालमेल होते ती यांच्या जिभेपर्यंत येऊन कशात बदलते, ते तिनं आयुष्यभर पाहिलं होतं.

"सापडला तर काय म्हणाल त्याला?" तिनं विचारलं.

मास्तरांचा हात खिशातच राहिला.

"सांगा ना. काय म्हणाल?"

"म्हणेन... म्हणेन, इतक्या लांब यायला लावलंस, जवळचा एखादा डोंगर—"

"नाही."

"बरं. म्हणेन, आई तिकडं रडून—"

"नाही. मला मध्ये आणायचं नाही."

आळीतले ठोके चालू होते. एक हातगाडीवाला मागून आला, त्याला वाट द्यायला दोघं भिंतीला टेकली.

"कसा आहेस, एवढंच म्हणायचं," शर्मिला म्हणाली. "त्यापुढं एक अक्षर नाही. तो बोलेल ते ऐकायचं. म्हणून दाखवा."

"इथं? रस्त्यात?"

"इथं."

मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. घसा साफ केला. "कसा आहेस," ते म्हणाले. ते असं आलं, जणू पैसे मोजून घेणाऱ्या कारकुनानं विचारावं.

"असं नाही."

"मग कसं? शब्द तेच आहेत."

"परत."

"कसा आहेस."

"परत म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज थोडा फाटला, आणि तो फाटलेला झाकायला लगेच शेवटी तिरकसपणा चढला. तिनं मान हलवली. दोन बायका पिशव्या घेऊन गेल्या, त्यांनी वळून पाहिलं. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण ते हलले नाहीत.

"परत," ती म्हणाली.